पायाखालची थरथर किती चालेल?

लंडनच्या हॅगरस्टन भागात, रीजंट्स कालव्याच्या काठी, ‘सिक्स ऑर्समन रोड’ नावाची कार्यालयीन इमारत २०२० मध्ये पुरी झाली. तिचा सांगाडा पोलादाचा आहे आणि मजले लाकडाचे. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडलेले ‘नॉर्थ हॉल’ हे वसतिगृहही याच घडणीचे. सिडनीत ॲटलासियन कंपनीची सुमारे १८० मीटर उंचीची इमारत उभी राहते आहे. तिला बाहेरून पोलादी सांगाडा आहे आणि आत लाकडी मजल्यांचे गट आहेत. पोलाद आणि लाकूड यांची जोडी आता प्रयोगशाळेबाहेर पडून माणसांच्या रोजच्या वावरात आली आहे.

अशा इमारतींविषयी सगळ्यात आधी आगीचा प्रश्न विचारला जातो आणि तो योग्यच आहे. पण रोज जाणवणारा प्रश्न वेगळा आहे. शेजारून कोणी चालत गेले तर मजला थरथरेल का? थरथरला तर किती चालेल? आणि हे ‘किती’ कोणी ठरवायचे? भार पेलण्यात कुठेही कमी न पडणारा मजलाही राहणाऱ्याला नकोसा होऊ शकतो. टेबलावरच्या पेल्यातले पाणी हलते, कपाटातली भांडी किणकिणतात, संगणकाचा पडदा डुलतो, झोप चाळवते. इमारतीला धोका नसतो, तरी तिच्यावरचा विश्वास उडतो.

यावर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एका बाजूचे म्हणणे असे, की सोयीची मर्यादा कडक ठेवा आणि ती गाठता येत नसेल तर काँक्रीटकडे परत जा. दुसरी बाजू म्हणते, पृथ्वी तापत असताना जरा थरथर सोसायला काय हरकत आहे? दोन्ही बाजूंकडे सच्ची कारणे आहेत. म्हणून घाईने कौल न देता ती तोलून पाहायला हवीत.

सुरुवात माणसाच्या शरीरापासून केली पाहिजे, कारण मोजमापाचे अंतिम साधन तेच आहे. उभ्या दिशेच्या कंपनाला माणूस सर्वाधिक संवेदनशील असतो तो ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या हालचालीला. या पट्ट्यात सरासरी त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके झाले की कंपन जाणवू लागते. सेकंदाला सहा वेळा हलणाऱ्या मजल्यासाठी याचा अर्थ असा, की मधल्या पातळीपासून तो मिलिमीटरचा जेमतेम दोनशेवा भाग वरखाली झाला तरी पुरते. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही ही हालचाल कमी आहे. कार्यालयांसाठी अमेरिकेत प्रचलित असलेली मर्यादा गुरुत्वीय त्वरणाच्या अर्ध्या टक्क्याची आहे. त्याच सहा हर्ट्झला ती हालचाल सुमारे ०.०३५ मिलिमीटर भरते, म्हणजे साधारण अर्धा केस. कंपनाचा सगळा वाद या इतक्या अरुंद जागेत चाललेला असतो.

जाणवणे आणि खटकणे यांतही अंतर आहे. दुपारच्या गजबजलेल्या कार्यालयात ज्याकडे कोणी लक्ष देत नाही, तेच कंपन रात्री अंथरुणात पडलेल्या माणसाला जागे ठेवते. चालणारा माणूस समोर दिसत असेल तर मन ते मान्य करते. कारण दिसले नाही तर तेच मन धास्तावते. म्हणून ब्रिटनचे बीएस ६४७२ हे मानक घराला कार्यालयापेक्षा आणि रात्रीला दिवसापेक्षा कडक निकष लावते. तिथल्या पोलाद-बांधकाम संस्थेची मार्गदर्शिका जाणिवेच्या उंबरठ्याला एक धरून त्याच्या पटीत मोजते. शस्त्रक्रियागृहाला एक, रुग्णालयातल्या वॉर्डाला दोन आणि कार्यालयाला आठ पट अशी ही उतरंड आहे. सोयीचा एकच आकडा सगळीकडे लावता येत नाही, हे या उतरंडीतूनच स्पष्ट होते.

आता मजल्याकडे पाहू. क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे सीएलटी, हा लाकडी फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेला जाड पाट असतो. पाच थरांचा, १७५ मिलिमीटर जाडीचा पाट चौरस मीटरला साधारण ८५ किलो भरतो. पोलादी पत्र्यावर ओतलेली १३० मिलिमीटरची काँक्रीट स्लॅब अडीचशे ते तीनशे किलो भरते. म्हणजे वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते. या हलकेपणामुळे पाया लहान होतो, खांबांवरचा भार घटतो आणि भूकंपात इमारतीवर येणारा जोरही कमी होतो, कारण तो वस्तुमानावर अवलंबून असतो. पाट कारखान्यात कापून येतात आणि जागेवर स्क्रूने बसवले जातात. ओले काम, सेंट्रिंग, पाणी मारणे, यांतले बरेचसे टळते. कार्यालयांना लागणारा आठ-नऊ मीटरचा गाळा निव्वळ लाकडी तुळयांनी पेलायचा तर त्या फार खोल होतात. पोलादी तुळई कमी खोलीत ते काम करते आणि तिच्या पोटातून नळ व वाहिन्याही नेता येतात. ही जोडी म्हणूनच जमली.

मात्र याच हलकेपणात थरथरीचे मूळ आहे. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. त्याच्या चालीचा जोर केवळ त्या दोन हर्ट्झपुरता नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट वारंवारतेलाही तो उतरत्या प्रमाणात असतो. मजल्याची नैसर्गिक वारंवारता सहा हर्ट्झच्या आसपास असेल, तर तिसऱ्या पटीशी तिचा सूर जुळतो आणि प्रत्येक पावलागणिक कंपन साठत जाते. हाच अनुनाद. तो किती वाढेल हे दोन गोष्टींवर ठरते. एक, सोबत हलणारे वस्तुमान. दुसरी, अवमंदन, म्हणजे कंपन जिरवण्याची मजल्याची ताकद. मजल्याची वारंवारता नऊ-दहा हर्ट्झच्या वर गेली तर असा सूर जुळत नाही. तिथे प्रत्येक टाचेचा ठोका स्वतंत्रपणे जाणवतो आणि पुढच्या पावलाआधी विरून जातो. हलका मजला या दोन्ही प्रकारांत तोट्यात असतो, कारण तेवढ्याच जोराला तो जास्त हलतो.

वारंवारतेचा अंदाज घेण्यासाठी अभियंते एक सोपे गणित वापरतात. कायम भाराखाली मजला किती मिलिमीटर वाकतो त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने १८ ला भागायचे. वाक ५ मिलिमीटर असेल तर वारंवारता आठ हर्ट्झ येते; २० मिलिमीटर असेल तर चार. आठ हर्ट्झ गाठायला नऊ मीटरच्या गाळ्याला वाक गाळ्याच्या अठराशेव्या भागापुरता आवरावा लागतो. एरवी तुळईच्या वाकाच्या मर्यादा गाळ्याच्या तीनशेव्या किंवा तीनशेसाठाव्या भागाच्या आसपास असतात. त्या मर्यादा वेगळ्या भारासाठी आहेत हे खरे. तरीही ताकदीच्या हिशेबाने पुरेशी ठरलेली तुळई सोयीच्या हिशेबाने अपुरी का पडते, हे यातून कळते. पोलाद आणि लाकूड यांच्या मजल्यात तुळईचे माप अनेकदा थरथरच ठरवते.

ही जाण नवी नाही. सुतारकामावर ग्रंथ लिहिणारे इंग्रज अभियंता थॉमस ट्रेडगोल्ड यांनी १८२८ मध्येच सांगून ठेवले होते, की चालताना खोलीतले सारे हलू नये यासाठी तुळया जितक्या खोल करता येतील तितक्या कराव्यात. १९३१ मध्ये जर्मनीत रायहर आणि माइस्टर यांनी माणसांना हलत्या फलाटावर उभे करून कंपनाची जाणीव मोजली. अमेरिकेच्या पोलाद-बांधकाम संस्थेची ‘डिझाइन गाइड ११’ ही पुस्तिका १९९७ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. युरोपच्या लाकूड-संहितेने, म्हणजे युरोकोड ५ ने, २००४ मध्ये घरांच्या मजल्यांसाठी आठ हर्ट्झची रेघ ओढली आणि त्याखालच्या मजल्यांची खास तपासणी करायला सांगितले. अमेरिकेत मोठ्या लाकडी इमारतींच्या मजल्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली ती २०२१ मध्ये.

या इतिहासात एक फट आहे. पोलादाचे निकष मुख्यतः काँक्रीट स्लॅब असलेल्या मजल्यांवर घडले. लाकडाचे जुने निकष घरातल्या लहान गाळ्यांच्या, पट्ट्या आणि फळ्यांच्या मजल्यांवर घडले. पोलादी तुळयांवर बसवलेला, मोठ्या गाळ्याचा, मोकळ्या कार्यालयातला सीएलटीचा मजला या दोन्हींच्या मधे पडतो. तो काँक्रीटइतका जड नाही आणि घरगुती लाकडी मजल्याइतका आखूडही नाही. एका निकषाने तो उत्तीर्ण आणि दुसऱ्याने नापास होऊ शकतो. अशा वेळी सोयीचा वाटेल तो निकष निवडण्याचा मोह आराखडा करणाऱ्याला होतो, आणि हा मोह कोणाच्या नजरेस येत नाही.

कडक मर्यादेच्या बाजूने पहिला मुद्दा न्यायाचा आहे. मजल्याचा आराखडा करणारा, पैसे घालणारा आणि बांधणारा इमारतीतून निघून जातो. थरथर सोसायची असते ती राहणाऱ्याला, भाडेकरूला, दिवसभर एकाच टेबलाशी बसणाऱ्या कर्मचाऱ्याला. ज्यांना विचारलेच गेले नाही त्यांच्या माथी गैरसोय मारणे बरोबर नाही. दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. गळके छत दुरुस्त होते, खिडकी बदलता येते. पण बांधून झालेल्या मजल्याची थरथर कमी करणे अवघड असते. मधे खांब द्यायचा तर जागा जाते, तुळई वाढवायची तर छत उघडावे लागते, कंपनशोषक बसवायचे तर खर्च आणि देखभाल दोन्ही येतात. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि आडव्या डुलण्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला. शोषक बसवून तो पुन्हा खुला व्हायला २००२ उजाडले. ती हालचाल आडवी होती आणि तो पूल होता, पण उशिरा सुचलेला उपाय किती महाग पडतो, हा धडा मजल्यांनाही लागू पडतो.

तिसरा मुद्दा भीतीचा. ५ जुलै २०११ रोजी दक्षिण कोरियातील सोल शहरात टेक्नोमार्ट ही ३९ मजली इमारत हलू लागली आणि लोकांना बाहेर काढावे लागले. तपासात कारण निघाले ते बाराव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत सतरा जणांनी तालावर केलेला व्यायाम. त्यांच्या ठेक्याचा इमारतीच्या उभ्या कंपनाशी सूर जुळला होता. इमारत भक्कम होती, पण आत असलेल्या माणसांना ते कसे कळावे? लाकडी इमारतीबाबत लोकांच्या मनात आधीच शंका असतात. तिथे मजला नुसता जाणवण्याइतका हलला तरी ‘लाकूड ते लाकूडच’ हा शेरा पक्का होतो आणि पुढच्या दहा चांगल्या इमारतींची वाट अडते. लाकडावर प्रेम असणाऱ्यांनीच थरथरीबाबत अधिक दक्ष असले पाहिजे, ते यासाठी.

दुसऱ्या बाजूचा पहिला आणि वजनदार मुद्दा कार्बनचा. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात ते आठ टक्के वाटा सिमेंटच्या उत्पादनाचा आहे. लाकडाच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो आणि तो झाडाने हवेतून घेतलेला असतो. जंगल पुन्हा वाढवले आणि ते लाकूड दीर्घकाळ इमारतीत राहिले, तर हा साठा हवेबाहेर राहतो. या दोन अटी पाळल्या जातात का हे तपासलेच पाहिजे. पाळल्या तर लाभ खरा आहे. कार्यालयातला एक कोपरा वर्षातून काही क्षण मर्यादेच्या जरा वर जातो म्हणून सगळ्या मजल्यावर काँक्रीट वाढवणे, हा सौदा पर्यावरणाला महाग पडतो.

दुसरा मुद्दा असा, की निकष स्वतःच पुष्कळ सावध आहेत. मजल्याच्या सर्वांत नाजूक बिंदूवर, अगदी जुळत्या वेगाने, एका लयीत चालणारा माणूस गृहीत धरून सर्वाधिक कंपन काढले जाते. प्रत्यक्षात माणसे वळतात, थांबतात, टेबलांना वळसा घालतात. दिवसभरात असे किती वेळा घडते हे मोजणारी ‘कंपनमात्रा’ ब्रिटिश मानकात आहे, पण आराखड्याच्या घाईत ती मागे पडते. तिसरा मुद्दा सवयीचा. जगभर पिढ्यान्‌पिढ्या माणसे लाकडी मजल्यांवर राहत आली आहेत आणि त्यांची हलकी हालचाल घराच्या स्वभावात धरली गेली आहे. आपल्याकडच्या वाड्यांत माडीवर कोणी चालले की खालच्याला कळायचे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

या दोन बाजूंच्या मधला रस्ता म्हणून सध्या सर्रास वापरला जातो तो कोब्याचा. सीएलटीवर चाळीस-पन्नास मिलिमीटर काँक्रीटचा थर ओतला की वजन वाढते, पावलांचा आवाज खाली जाणेही कमी होते. व्हँकुव्हरमध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ‘ब्रॉक कॉमन्स’ या १८ मजली वसतिगृहात लाकडी पाटांवर ४० मिलिमीटरचा असा थर आहे. नॉर्वेतील ८५.४ मीटर उंचीच्या ‘म्योस्टॉर्नेट’ या लाकडी इमारतीत वरच्या सात मजल्यांना काँक्रीट वापरले गेले. तिथे प्रश्न वाऱ्याने होणाऱ्या डोलण्याचा होता, पण गरज तीच होती, वस्तुमानाची.

हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. पन्नास मिलिमीटरचा कोबा चौरस मीटरला १२० किलो भरतो. म्हणजे तो खालच्या लाकडी पाटापेक्षा जड होतो आणि हलकेपणाचे बरेच लाभ परत जातात. त्यातून चौरस मीटरमागे साधारण बारा ते पंधरा किलो कार्बन डायऑक्साइडचा बोजा येतो. शिवाय वजन वाढले की वारंवारता घटते. समजा पाट, तुळया आणि सामान मिळून चौरस मीटरला १५६ किलो भरणारा मजला साडेआठ हर्ट्झला आहे. त्यावर १२० किलोचा, कडकपणात भर न घालणारा थर टाकला तर तो साडेसहा हर्ट्झच्याही खाली येतो, नेमका चालीच्या तिसऱ्या पटीजवळ. जादा वस्तुमानाने कंपन आवरते आणि जुळलेल्या सुराने ते वाढते. शेवटी काय होईल हे हिशेब केल्याशिवाय सांगता येत नाही. सवयीने कोबा ओतणे म्हणजे उपाय झाला असे मानता येणार नाही. आणि ऑर्समन रोडसारखी इमारत पुढे सुटी करून तिचे भाग पुन्हा वापरता यावेत अशा बेताने बांधली जाते. लाकडाला घट्ट चिकटलेला ओला थर या बेताच्या आड येतो.

कोरडे पर्याय आहेत. मध्य युरोपात सीएलटीवर खडीचा किंवा बारीक दगडी चुऱ्याचा सैल थर घालून त्यावर फरशीचे पाट बसवतात. हा थर वजन देतो, कणांच्या घर्षणात कंपन जिरवतो आणि पुढे काढताही येतो. महाराष्ट्रातल्या वाड्यांचे गवंडी आणि सुतार हे काम आपल्या पद्धतीने करत होतेच. कडीपाटावर मातीचा जाड थर देऊन तो चोपून सारवला जाई. त्या मातीने आवाज आणि थरथर दोन्ही आवरायला मदत केली. आज त्याची नक्कल करायची गरज नाही, पण वजन म्हणजे सिमेंटच, हा समज मोडायला तेवढा दाखला पुरेसा आहे.

वस्तुमानाच्या आधी करण्यासारख्या गोष्टीही आहेत आणि त्यांना कार्बनची किंमत फारशी नाही. गाळा आखूड करणे ही पहिली. ब्रॉक कॉमन्समध्ये खांब ४ बाय २.८५ मीटरच्या चौकटीत आहेत. वसतिगृहाच्या लहान खोल्यांना ते चालते, कार्यालयाला नेहमी चालत नाही. दुसरी गोष्ट वाटेची. लांब सरळ बोळ मजल्याच्या मधोमध नेला की माणसे तिथे लयीत आणि वेगात चालतात. तोच खांबांच्या ओळीजवळून नेला तर तोच मजला शांत राहतो. तिसरी गोष्ट पाट आणि तुळई यांचा जोड. स्क्रूंनी दोघांना एकजीव केले की तेवढ्याच पोलादात कडकपणा वाढतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात आणि इटलीत ट्रेन्टो विद्यापीठात अशा जोडांवर चांगले काम झाले आहे. इथेही एक पेच आहे. आवाज अडवण्यासाठी पाटाखाली रबरासारखी मऊ पट्टी घालतात, आणि ती जोडाचा कडकपणा कमी करू शकते. ध्वनीचा सल्लागार आणि कंपनाचा अभियंता वेगवेगळ्या खोल्यांत बसून काम करत असतील, तर एकाचा उपाय दुसऱ्याची अडचण होतो.

सगळ्यात मोठी अनिश्चितता अवमंदनाची आहे. ब्रिटिश मार्गदर्शिका पोलादी सांगाड्याच्या उघड्या मजल्याला १.१ टक्के, सामानसुमान लागलेल्या मजल्याला ३ टक्के आणि योग्य जागी भिंती असलेल्या मजल्याला ४.५ टक्के धरायला सांगते. अनुनादातले कंपन अवमंदनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे पहिल्या दोन आकड्यांतल्या निवडीने उत्तर जवळजवळ तिपटीने बदलते. पोलाद-लाकूड मजल्याला यांतला कोणता आकडा धरायचा, हे बांधून झालेल्या इमारतींत मोजूनच कळणार आहे. त्यात कार्यालयेही बदलली. फायलींची कपाटे आणि उंच आडोसे गेले, मोकळी दालने आणि हलकी टेबले आली, आणि त्यांच्यासोबत फुकट मिळणारे वजन आणि अवमंदनही गेले. कागदावरचा हिशेब इथे अंदाजच राहतो.

म्हणून मोजणीला पर्याय नाही. लाकडी मजल्यांच्या कंपनचाचणीसाठी आयएसओ १८३२४ हे मानक २०१६ पासून आहे. त्वरणमापक, ठरल्या लयीत चालणारा माणूस आणि एक दिवस एवढ्यात मजल्याची वारंवारता, अवमंदन आणि कंपन कळते. इमारतीच्या एकूण खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे. तरीही तो बहुतेकदा तक्रार आल्यावरच केला जातो, आणि तोवर निकाल प्रतिष्ठेचा विषय झालेला असतो. मग चांगले आकडे जाहिरातीत जातात आणि वाईट आकडे कपाटात. शिकण्याची संधी दोन्हीकडून हुकते.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने सरकारी इमारतींतल्या लाकडावरची जुनी बंदी २०२० मध्ये उठवली. मुंबई-पुण्यात पोलादी सांगाड्याच्या इमारती वाढत आहेत. पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८००, २००७ च्या आवृत्तीत, मजल्याच्या कंपनासाठी एक परिशिष्ट देते. पण त्याची नजर मुख्यतः पोलादी तुळयांवरच्या काँक्रीटवर आहे. पोलाद-लाकूड मजले इथे येतील तेव्हा परदेशातला आकडा उचलून आणणे पुरणार नाही. आपल्याकडे अनेक घरांत माणसे जमिनीवर बसतात, जेवतात, झोपतात. कंपन त्यांच्यापर्यंत खुर्चीच्या किंवा पलंगाच्या मध्यस्थीशिवाय पोचते. आपल्या स्वयंपाकघरात खलबत्ता वाजतो. मंगळागौरीच्या रात्री दहा-पंधरा जणी एका ठेक्यावर फुगड्या आणि झिम्मा खेळतात, आणि तालावरच्या उड्या मजल्यासाठी चालण्यापेक्षा कितीतरी जड असतात. भारतीय मानक ब्यूरोने आणि आपल्या अभियांत्रिकी संस्थांनी आपल्या घरांत, आपल्या माणसांवर ही मोजणी आताच सुरू करायला हवी.

सगळे तोलून पाहता आम्हाला दिसते ते असे. थरथरीला ‘केवळ सोय’ म्हणून झटकणे चूक आहे, कारण घराचा आणि कामाच्या जागेचा अर्थच सोयीत आहे. आणि थरथरीची भीती दाखवून पोलाद-लाकूड मजले नाकारणे हीही चूक आहे, कारण त्यांच्या अडचणी कळलेल्या आहेत आणि सुटण्याजोग्या आहेत. मर्यादा वापरानुसार ठरवावी. शस्त्रक्रियागृह, वॉर्ड आणि रात्रीचे घर यांत तडजोड नको. जिथे झोप किंवा उपचार अवलंबून आहेत तिथे वजन आणि खर्च वाढला तरी तो सोसावा. कार्यालयात, दुकानात, बोळात मर्यादा काहीशी सैल ठेवायला हरकत नाही, पण ती सैल ठेवली आहे हे करारात आकड्यासह लिहिलेले असावे आणि भाडेकरूला सही करण्याआधी दाखवलेले असावे. सांगून घेतलेली तडजोड आणि लपवून लादलेली गैरसोय यांत सगळा फरक आहे.

उपायांचा क्रमही ठरलेला असावा. आधी गाळा आणि वाटा, मग जोड आणि तुळईची खोली, मग कोरडे वजन, आणि सर्वांत शेवटी ओला कोबा. बांधून झाल्यावर, ताबा देण्याआधी, मोजणी व्हावी. तिचे आकडे, चांगले असोत वा वाईट, अभियंत्यांसाठी खुले असावेत. सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या इमारतींना तरी ही अट सक्तीची करता येईल. इमारत विकत किंवा भाड्याने घेणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. चटई क्षेत्र आणि पार्किंग विचारता, तसेच मजल्याची वारंवारता किती, थरथरीची कोणती मर्यादा धरली आहे आणि ती प्रत्यक्ष मोजली आहे का, हेही विचारा. विचारणारे वाढले की मोजणारेही वाढतील.